तुम्ही विचारलंत म्हणून: बारा घेऊ की अठरा?

हा फोन मला बहुतेक वेळा विमानतळावरून येतो. ड्यूटी-फ्रीच्या दुकानात कुणीतरी आपलं माणूस उभं असतं, मागे विमानाच्या घोषणा चालू असतात, आणि प्रश्न ठरलेला: "दादा, १२ वर्षांची व्हिस्की घेऊ की १८? महाग आहे म्हणजे १८च चांगली ना?" घाईत जमेल तेवढं सांगतो. आज नीट सांगतो, कारण सिंगल माल्टवर, म्हणजे एकाच डिस्टिलरीत (गाळण्याच्या कारखान्यात) फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीवर, माझा फार जीव आहे आणि नुसता आकडा बघून ती घेतलेली मला बघवत नाही.

तो आकडा म्हणजे व्हिस्की ओकच्या पिंपात किती वर्षं राहिली त्याचा हिशेब. स्कॉच म्हणवून घ्यायला किमान ३ वर्षं पिंपात, तीही स्कॉटलंडमध्येच काढावी लागतात. अनेक पिंपं एकत्र केली असतील तर त्यांतल्या सगळ्यात लहान वयाचाच आकडा लेबलवर छापता येतो. त्यामुळे १२च्या बाटलीत १५ वर्षांचा मालही असू शकतो. काचेत शिरली की मात्र वाढ संपली. आमच्या एका काकांनी २००४ साली भेट मिळालेली १२ वर्षांची बाटली अजून कपाटात जपून ठेवली आहे. ती आजही १२ वर्षांचीच आहे. काका, या दिवाळीला ती उघडाच, बुचाचा काही भरवसा नसतो.

मग किंमत का वाढते? कारण पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. १८ वर्षांत जवळजवळ ३० टक्के माल हवेत जातो. जे उरतं त्याच्यावर इतक्या वर्षांचं गोदामभाडं आणि अडकलेला पैसा चढतो. म्हणजे जास्तीचे पैसे तुम्ही उडालेल्या मालाचे आणि थांबण्याचे देता. चव त्याच पटीत वाढेल, असं कुणीही लिहून दिलेलं नाही.

चव ठरवतं पिंप. अमेरिकेत बुर्बनला, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीला, नवं, आतून जाळलेलं पिंपच लागतं, म्हणून त्यांची वापरलेली पिंपं स्कॉटलंडला येतात आणि व्हॅनिला, नारळ, मध असा गोडवा देतात. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून मनुका, अंजीर, सुकामेवा येतो. तेच पिंप तिसऱ्यांदा भरलं की चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळल्यासारखं होतं, रंग येतो पण जीव नसतो. उलट कडक पिंपात फार वर्षं ठेवली तर लाकूडच वर येतं. मी एकदा ३० वर्षांची व्हिस्की चाखली, मोठ्या अपेक्षेनं. पहिल्या घोटालाच जीभ कोरडी पडली, कच्ची सुपारी चघळल्यासारखी. त्या संध्याकाळी मला खरंच वाईट वाटलं, कारण कुणीतरी ३० वर्षं तिची राखण केली होती.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की दोन वयं एकाच डिस्टिलरीची घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून प्या. गेल्या हिवाळ्यात मावसभावाबरोबर मी टॅलिस्करची १० आणि १८ अशीच ठेवली. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर कारबॉस्ट गावात, खाडीच्या काठावर ही १८३० पासूनची डिस्टिलरी आहे. दोन्ही बाटल्या ४५.८ टक्के अल्कोहोलच्या, त्यामुळे तुलना सरळ झाली. तोंड निमुळतं असलेले दोन ग्लास, प्रत्येकी चमचा-दोन चमचे व्हिस्की, बर्फ नाही. दहा मिनिटं नुसती ठेवली. नाक ग्लासात खुपसायचं नाही, तोंड जरा उघडं ठेवून वरूनच वास घ्यायचा, नाहीतर अल्कोहोल नाकात झोंबतं.

१०च्या ग्लासातून आधी धूर आला, ओल्या लाकडावर पेटवलेल्या चुलीसारखा, मग बंदरावरचा खारा वारा. घोट घेतला आणि शेवटी घशाशी काळी मिरी तडतडली. १८मध्ये तोच धूर मागच्या खोलीत गेला होता. पुढे संत्र्याची साल, मध, जुन्या सागवानी कपाटाचा वास. मिरी होती, पण तुपात परतलेली. चहाच्या चमच्यानं चार थेंब पाणी घातलं तर १८ आणखी गोड झाली आणि १०चा धूर मोकळा झाला.

भाऊ १८वर खूश. मी पुन्हा पुन्हा १०कडे जात होतो, कारण मला तो मिरीचा फटका हवा असतो. हा धूर पीटचा, म्हणजे ज्या दलदलीतल्या जळाऊ मातीवर बार्ली वाळवतात तिचा, आणि तो वयाबरोबर मवाळ होतो. तुम्हाला धूर आवडत असेल तर लहान वयाची बाटली घ्या आणि उरलेल्या पैशांत दुसरी एखादी. शेरीचा जडपणा आवडत असेल तर १५च्या पुढे जाण्यात अर्थ आहे.

आणि आपल्याकडच्या माल्टवर वय दिसत नाही म्हणून नाक मुरडू नका. बंगळुरूच्या अमृतची किंवा गोव्यात बनणाऱ्या पॉल जॉनची पिंपं उकाड्यात असतात. तिथं देवदूतांचा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो आणि लाकूडही भराभर काम करतं. तिथं १८ वर्षं थांबलात तर पिंपात फारसं काही उरणारच नाही.

त्या रात्री आम्ही ग्लास न धुता टेबलावरच ठेवले. सकाळी चहाआधी दोन्ही हुंगून पाहिले. १०च्या ग्लासात विझलेल्या चुलीची राख होती. १८च्या ग्लासात मध आणि लाकूड, आणि त्याच्या तळाशी अगदी पुसट, तोच धूर.