बंद गोठ्यातली पाठरं

आज आर्वीकडच्या एका गावात बेरारी बकरीची पाठरं तपासली, दीडेक महिन्याची. नाकातून घट्ट शेंबूड, कूस भात्यासारखी हलतेय, ताप १०५ फॅरनहाइट. निरोगी पाठराचा १०२-१०३ असतो. स्टेथोस्कोप पुढच्या पायामागे, खालच्या बाजूला लावला की फुफ्फुसातली खरखर लगेच कळते. तोंडात फोड नाहीत, हगवण नाही, म्हणून पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची, शंका कमी.

प्रतिजैविक आणि ताप-सूज उतरवणारं इंजेक्शन दिलं. मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या उड्या माराले लागले तं मंग सुई कायले जी?" दर हिवाळ्यात हा प्रश्न येतोच. कोर्स पूर्णच करायचा, मावशी!

खरी भानगड गोठ्यात होती. थंडी लागू नये म्हणून पऱ्हाटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) कुडावर चारी बाजूंनी प्लास्टिक ताणलेलं. आत मुताच्या वासानं माझेच डोळे चुरचुरले. तो अमोनिया कोवळ्या फुफ्फुसांची वाट लावतो. हवा खेळावी म्हणून वरच्या बाजूचं हातभर प्लास्टिक काढायला लावलं, खाली कोरडं कुटार (भुसा) टाकायला सांगितलं. आणि मान वर धरून तेल पाजणं बंद, ठसका लागला की ते थेट फुफ्फुसात. घरच्या आजोबांना मात्र हे शेवटचं काही पटलं नाही. परवा पुन्हा चक्कर आहे, तेव्हा बोलू.