सायबाचं फेस्त आणि आमचं मंडळ

दिवाळी उरकली की आमच्या वाडीतल्या मंडळाच्या बैठका सुरू व्हायच्या. विषय एकच: 3 डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, जुन्या गोव्याला चालत कधी निघायचं? मंडळ ख्रिस्ती शेजाऱ्यांचं, पण चालायला आम्ही हिंदू पोरंही असायचो. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं, "सायबाक भेटाक जातंव."

सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. मांस लवकर झडावं, हाडं नेता यावीत, म्हणून शवपेटीत चुना भरला. काही महिन्यांनी पेटी उघडली, तर देह जसाच्या तसा! मग तो देह आधी मलेशियातल्या मलाक्काला, आणि 1554च्या मार्चमध्ये गोव्याला आणला. ही गोष्ट शेजारच्या काकू दरवर्षी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या आसपास सुरू करायच्या. चुन्याचा प्रसंग आला की पोरं पायांची कुरकुर विसरायची. 1614 साली उजवा हात कापून रोमला नेला, हे ऐकून मला मात्र रागच यायचा. आमच्या सायबाचा हात तिकडे कशाला?

बॉम जेझुसची ती गिलावा नसलेली, जांभ्या दगडाची बाझिलिका, म्हणजे जुन्या गोव्यातलं सायबाचं चर्च, दिसली की चाल आपोआप वाढायची. आत उंचावर, फ्लॉरेन्सहून आलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर, गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली, सायबाचा देह ठेवलेली चांदीची पेटी. एरवीच्या फेस्ताला माना वर करून तीच बघायची. देह जवळून दिसतो तो दहा वर्षांतून एकदा, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये हलवतात तेव्हा. 2004 साली मंडळ झाडून सगळं गेलं होतं. लांबलचक रांग, आणि काचेसमोर जेमतेम काही क्षण. जरीचा झगा, काळवंडलेला, आक्रसलेला चेहरा, हाडांना चिकटलेली पावलं. देह आता सुकलाय, ते उघडच दिसतं. मला चमत्काराचं तितकं वाटलं नाही, त्या पावलांचं वाटलं. हा माणूस त्या काळात जपानपर्यंत जाऊन आला, आणि आम्ही सावंतवाडीकडून चालत येऊन फोड मोजत बसलो होतो.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की जत्रेत घुसायचं. खाजं, भाजलेले चणे, मेणबत्त्या आणि मुलांसाठी पिपाण्या. परतीला मात्र गाडीच. बांदा येईपर्यंत अर्धं खाजं संपलेलं आणि गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब अजून का लागला नाही, यावरून खजिनदाराशी जोरदार वाजलेलं असायचं.