एकोणतीस पावलं

त्या दिवशी आमच्या यादीत ४१ नावं होती. रात्री नवाच्या सुमारास मी समन्वयकांना निरोप पाठवला: ४० पोचले, १ आली नाही. तो निरोप लिहीत होते तेव्हा ती ‘न आलेली’ मुलगी माझ्यापासून एकोणतीस पावलांवर बसलेली होती. पावलं मी नंतर मोजली. तिच्या बाकापासून आमच्या टेबलापर्यंत, दोनदा.

बाहेरदेशांतून विद्यापीठात नव्याने येणाऱ्या मुलांना विमानतळावर उतरवून घ्यायचं आणि वसतिगृहाच्या दारापर्यंत पोचवायचं, हे काम मी गेली चार वर्षं करते आहे. पगार नाही, सत्र सुरू व्हायच्या आधीचे दहा-बारा दिवस असतात. लोकांना वाटतं, फलक धरून हसतमुखाने उभं राहायचं. खरं काम वेळेच्या हिशेबाचं आहे. विमान टेकलं म्हणजे मूल आलं असं होत नाही. विद्यार्थी व्हिसावाल्याला इमिग्रेशनच्या खिडकीवर पर्यटकापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण तिथे प्रवेशपत्र मागतात, खर्चाची सोय काय ते विचारतात. आणि दरवर्षी कुणीतरी तीच कागदपत्रं मोठ्या बॅगेत टाकलेली असतात, जी काचेपलीकडे पट्ट्यावर गोल फिरत असते. मग फोन. विमानतळाचं वायफाय सुरू करायला मोबाइलवर ओटीपी येतो, आणि बाहेरून आलेलं सिम तर इथे मेलेलं असतं. ज्याला वायफायची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्यालाच ते मिळत नाही. या एका गोष्टीचा मला दरवर्षी नव्याने संताप येतो.

म्हणून आमचा ठोकताळा ठरलेला: विमान टेकल्यापासून दीड तास फलक त्या विमानाचा, नंतर पुढच्या विमानाचा. त्या दिवशी १७ विमानं होती. फलक एकच, टेबल एकच, आम्ही पाच जण.

ती ‘न आलेली’ मुलगी इथिओपियातल्या आदिस अबाबाहून येणार होती. पहिलाच परदेश प्रवास. विमान दुपारी १ वाजून २५ मिनिटांनी टेकलं, वेळेवर. ती दारातून बाहेर आली ४ वाजून १० मिनिटांनी, कारण तिची बॅग आलीच नव्हती.

बॅग न येणं ही आमच्यासाठी रोजचीच बाब, पण त्यात एक खाच आहे. विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा, बॅग न आल्याची नोंद करणारा कागद भरावा लागतो, तो भरल्याशिवाय हॉलबाहेर पडू नये. त्यावर दहा जागांचा क्रमांक मिळतो: विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन, मग पाच आकडे. बॅगेचा पुढचा सगळा शोध त्या क्रमांकावर चालतो. बॅगेच्या पट्टीचा दहा आकडी क्रमांक बोर्डिंग पासला चिकटवून दिलेला असतो, तो फेकायचा नसतो. विमान प्रवासाबद्दलच्या १९९९च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार, उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग हाती पडल्यापासून २१ दिवसांत करावी लागते आणि मोडतोडीची ७ दिवसांत. हे मला तोंडपाठ आहे, मी हे शेकडो मुलांना सांगितलंय. पण त्या कागदावर आणखी दोन रकाने असतात: इथला पत्ता आणि इथला फोन. नुकत्याच उतरलेल्या मुलीकडे या दोन्ही गोष्टी नसतात. वसतिगृहाची खोली हजेरी दिल्यावर मिळते, हजेरी द्यायला तिथे पोचावं लागतं. काउंटरवरचा माणूस पत्ता दिल्याशिवाय कागद पुढे सरकवेना. ती विद्यापीठाचं नाव सांगत राहिली, तो गल्ली आणि घर क्रमांक मागत राहिला. तास-सव्वा तास यात गेला. शेवटी त्याने नुसतं विद्यापीठाचं नाव लिहून घेतलं. हे पहिल्या मिनिटाला करता आलं असतं.

ती बाहेर आली तोवर फलकावर तिसऱ्याच विमानाची नावं लागली होती.

आता फलकाबद्दल. त्यावर तिचं नाव लागलेलं होतं तेव्हाही ते तिचं नव्हतं. इथिओपियात आडनाव असा प्रकारच नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नानंतरही बाई आपलं नाव बदलत नाही. पण पासपोर्टवर दोन चौकटी असतात, त्या भराव्याच लागतात. तिच्या पासपोर्टवर ‘आडनाव’ म्हणून आजोबांचं नाव होतं. आमच्या कार्यालयाने यादी त्यावरूनच बनवली: आधी संबोधन, मग आडनाव, मग बाकीच्या नावांची आद्याक्षरं. फलकावर जागा कमी पडते म्हणून आम्ही नुसतं संबोधन आणि आडनाव लिहायचो. आजोबांचं नाव पुरुषी वाटलं म्हणून की काय, कुणीतरी पुढे ‘मिस्टर’ घातलं होतं.

म्हणजे आम्ही तिच्या आजोबांना घ्यायला गेलो होतो.

ही अडचण एकट्या इथिओपियाची नाही. म्यानमारच्या माणसाच्या नावाला अनेकदा तीन-चार शब्द असतात, त्यातला एकही सहसा आडनाव नसतो. इंडोनेशियातून एकाच शब्दाच्या नावाची मुलं येतात. आइसलंडमध्ये बहुतेकांच्या नावाचा शेवटचा शब्द वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनतो, भावाचा वेगळा आणि बहिणीचा वेगळा. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. त्यांचे नियम इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहेत, आणि तिथे आडनाव न म्हणता ‘प्राथमिक ओळख’ व ‘दुय्यम ओळख’ असे सावध शब्द वापरलेत. जगभरच्या यंत्रांसाठी नियम लिहिणाऱ्यांना जे कळलं, ते आमच्या तक्ता बनवणाऱ्यांना कळू नये? मी दोन वर्षांपूर्वी समन्वयकांना हे लिहून दिलं होतं. तक्ता पासपोर्टशी जुळला पाहिजे, एवढंच उत्तर आलं. माणूस वाईट नाही, पण विमानतळावर तो आजवर एकदाही उभा राहिलेला नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही विमानतळाच्या ध्वनिक्षेपकावरून तिला पुकारायला लावलं. ‘मिस्टर’ आणि आजोबांचं नाव. ती तेव्हा हॉलमध्येच होती. तिने ते ऐकलं. नंतर तिने मला सांगितलं, की ते नाव ऐकून तिला फार बरं वाटलं, आपल्याकडचं कुणीतरी म्हातारं माणूस इथे आलंय, ते कोण म्हणून ती उभी राहून बघत होती. आम्ही तिच्या फोनवर पाच वेळा फोन लावले. बंद. ईमेल टाकली. ती तिला दुसऱ्या दिवशी मिळाली.

हे सगळं मला पचतं. यादी चुकली, कार्यालय चुकलं, काउंटरवरचा माणूस आडमुठा निघाला. पण तिने उठून येऊन विचारलं का नाही? आमचं टेबल दिसत होतं, विद्यापीठाचं नाव टेबलावर वीतभर उंचीच्या अक्षरांत होतं. त्या रात्री गाडीत बसल्यावर मी तिला हे विचारलं, जरा चिडूनच विचारलं असेन. तिने पिशवीतून एक कागद काढला. आमचं स्वागतपत्र. चार घड्या घातलेलं, घडीवर फाटायला आलेलं. त्यातल्या एका वाक्याखाली निळ्या पेनाने दोन रेघा मारल्या होत्या:

‘तुमच्या नावाचा फलक घेतलेला स्वयंसेवक तुमच्याकडे येईपर्यंत थांबा. इतर कुणाहीबरोबर जाऊ नका.’

ते वाक्य मी लिहिलेलं आहे.

त्यालाही कारण होतं. माझ्या दुसऱ्या वर्षी एका मुलाला दारातच एक माणूस भेटला, विद्यापीठाकडून आलोय म्हणाला, गाडीत घातलं, दोन तास फिरवलं आणि खिसा रिकामा करून भलत्याच ठिकाणी सोडलं. तो मुलगा आमच्यासमोर बसून थरथरत होता. त्यानंतर आठ दिवसांत मी ते पत्र नव्याने लिहिलं, आणि हे वाक्य जाड ठशात घालायला लावलं. ते वाचून मुलं सावध होतात याचा मला अभिमान होता. तिने ते घरी मोठ्याने वाचून आईला ऐकवलं होतं. आईने सांगितलं, त्यात लिहिलंय तसंच कर. म्हणून ती साडेपाच तासांहून जास्त वेळ बसून राहिली. पाणी प्यायला उठली, तर जागा जाईल आणि स्वयंसेवक शोधत येऊन परत जाईल, म्हणून लगेच परतली.

मी तिला पाहिलं होतं. एकदा सहाच्या आधी, एकदा साडेसातनंतर. मांडीवर पाठपिशवी, दोन्ही हात तिच्यावर, आणि हातात विमान कंपनी बॅग हरवलेल्यांना देते ती ब्रश-पेस्टची छोटी पारदर्शक थैली. ती थैली मी लांबून ओळखते. तिचा अर्थही मला कळतो: हे माणूस आजच उतरलंय, याची बॅग आलेली नाही, याच्याकडे बदलायला कपडे नाहीत. वय अठरा-एकोणीस. इतकं सगळं दिसूनही मी हातातल्या यादीकडे बघितलं. यादीत त्या वेळेच्या विमानातून येणारं कुणी राहिलं नव्हतं. राहिला होता तो एक ‘मिस्टर’. मी नजर वळवली.

तिला शोधलं पहिल्या वर्षाच्या एका मुलाने, ज्याचा तो कामाचा पहिलाच दिवस होता. दहाला दहा कमी असताना त्याचं काम संपलं, यादी त्याने माझ्याकडे दिली आणि घरी निघाला. जाता जाता तो तिच्यापाशी थांबला आणि विचारलं, ‘तुला कुणी न्यायला येणार आहे का?’ बस, एवढंच. प्रशिक्षणात आम्ही त्याला फलक कसा धरायचा, किती वाजता कुठल्या दाराशी उभं राहायचं, फोटो कुठे टाकायचे, सगळं शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं.

वसतिगृहापाशी उतरताना मी तिला सांगितलं, उद्या सकाळी आठला नोंदणी. तिने वहीत लिहून घेतलं. मी सहज डोकावले तर तिने लिहिलं होतं: २. मी दचकले. ती म्हणाली, बरोबर आहे. तिच्याकडे दिवस पहाटे सुरू होतो, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि आठ म्हणजे दोन. तिकिटावरची वेळ ती तिकिटासारखी वाचते, पण स्वतःसाठी लिहिताना सवयीने आपल्या घड्याळात लिहिते. वर्षही त्यांचं आपल्याहून सात-आठ वर्षं मागे असतं आणि महिने तेरा. मग तिने २च्या शेजारी ८ लिहिलं, माझ्यासाठी. मी रात्रभर त्या दोन आकड्यांचा विचार करत होते.

तो दिवस ३ सप्टेंबरचा. नोंदणीच्या दिवशी मी पीआयआरचा क्रमांक घेऊन काउंटरला फोन केला, वसतिगृहाचा नीट पत्ता दिला, पिन कोडसकट. रोज चौकशी करत होते. बारा तारखेला कंपनीने सांगितलं, बॅग नऊ तारखेलाच पोचवली, सहीसुद्धा आहे. मी धावत वसतिगृहावर गेले. बॅग तळमजल्यावरच्या कोठीत होती. पट्टीवर आजोबांचं नाव. वसतिगृहाच्या वहीत तिचं स्वतःचं नाव. पहारेकऱ्याने वही पाहिली, या नावाचं इथे कुणी राहत नाही म्हणाला, आणि आत ठेवून दिली. तीन दिवस.

बॅग मी तिच्या खोलीत नेऊन दिली. तिने सगळ्यात वर ठेवलेला पांढरा पोशाख काढला, काठाला हिरवी-पिवळी वीण. तो ११ सप्टेंबरसाठी होता. त्या दिवशी त्यांचं नवं वर्ष लागतं, एन्कुटाटाश. ते कालच होऊन गेलं होतं. तिने पोशाख पलंगावर पसरला, सुरकुत्या हाताने काढल्या आणि दाराच्या खिळ्याला अडकवला.

मी विचारलं, त्या दिवशी मी दोनदा तुझ्याकडे बघितलं, तुला दिसलं होतं का? ती म्हणाली, ‘हो. तुम्ही यादी वाचत होता. मला वाटलं, कामात आहात.’

पुढच्या सत्राचं पत्र परत माझ्याकडेच आलंय लिहायला. ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची?’ असा रकाना अर्जात घालायला समन्वयकांनी या वेळी होकार दिला आहे. ते जाड ठशातलं वाक्य मात्र अजून तसंच आहे. काढलं तर तो गाडीत नेलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो, ठेवलं तर ही. आठवडाभर मी त्या एका ओळीवर अडून बसले आहे.