खाली बसवलेल्या पोलोसाठी स्पेसर निवडताना

माझ्या फोक्सवॅगन पोलोला ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावल्या, तेव्हा गाडी मनासारखी दिसेल अशी माझी अपेक्षा होती. बाजूने पाहता ती पूर्णही झाली. मागून पाहताना मात्र चाके मडगार्डाच्या बरीच आत असल्याचे जाणवू लागले. ती पूर्वीही तितकीच आत होती. पण मडगार्डाची कमान टायरजवळ आल्यामुळे मधली पोकळी आता नजरेत भरत होती. हब (चाक ज्यावर बोल्टांनी आवळले जाते तो फिरता भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची चकती, म्हणजे स्पेसर, हाच यावरचा उपाय असे ठरवून मी पुण्यातल्या एका दुकानातून २० मिमीची जोडी केवळ अंदाजाने आणली.

सोसायटीच्या आवारात गाडी उभी असताना त्या चकत्या शोभून दिसत होत्या. पुढच्याच रविवारी मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान अशा अवस्थेत वाईला निघालो, तेव्हा खंबाटकीच्या वळणांवर डावीकडून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. घाट चढून गाडी थांबवली, तर टायरच्या खांद्यावर मडगार्डाच्या आत वळवलेल्या पत्र्याने गोल चर पाडलेला होता. शिवाय ताशी ९० किमीच्या पुढे सीटखाली बारीक थरथर जाणवत होती. तिचे कारण वेगळे होते, त्याकडे पुढे येतो.

स्पेसरची जाडी ठरवण्यापूर्वी चाकाचा ऑफसेट पाहावा. माझ्या चाकांवर ईटी ४० असे कोरलेले आहे, म्हणजे चाक हबला जिथे टेकते ती पातळी चाकाच्या मध्यरेषेपासून ४० मिमी बाहेरच्या बाजूला आहे. २० मिमीचा स्पेसर लावला की हा आकडा २० वर येतो आणि दोन्ही बाजू मिळून चाकांमधले अंतर ४० मिमीने वाढते. हे गणित कोणीही करील. खरी मेहनत आहे ती मडगार्डाखालची जागा मोजण्यात. मी गवंड्याचा ओळंबा मडगार्डाच्या कडेवरून सोडला आणि दोरीपासून टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचे अंतर घेतले. रिकाम्या गाडीत मागे ते २४ मिमी भरले. नंतर टाकी भरून, मागे तीन माणसे बसवून पुन्हा पाहिले, तर मडगार्डाची कड टायरच्या माथ्याच्या इतकी जवळ आली होती की खड्ड्यात चाक आणखी वर सरकल्यावर तिथे २० मिमीच्या स्पेसरला जागा उरणार नव्हती. पोलोच्या मागच्या बाजूला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, असल्यामुळे गाडी दबताना चाकाचा माथा फारसा आत झुकत नाही. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबात) तो थोडा झुकतो, म्हणून पुढे जे खपते ते मागे खपेलच असे नाही. शेवटी मी मागे १२ मिमी निवडले.

पुढच्या चाकांना मात्र काहीच लावले नाही, आणि हा निर्णय मी दिसण्यापेक्षा महत्त्वाचा मानतो. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर मिळावा, अशी रचना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या अनेक गाड्यांत मुद्दाम केलेली असते. १९७२ साली आलेली ऑडी ८० हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. एका बाजूचे चाक ओल्या मातीवर आणि दुसरे डांबरावर असताना ब्रेक दाबला, तरी गाडी एकीकडे ओढली जाऊ नये हा त्यामागचा हेतू. स्पेसर टायरचा मध्य बाहेर सरकवतो आणि ही काळजीपूर्वक राखलेली तफावत खाऊन टाकतो. बेअरिंगवरचा भारही वाढतो, तो वेगळाच.

आता त्या थरथरीविषयी. पोलोच्या हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमी व्यासाचा आहे आणि चाक त्यावर नेमके बसून केंद्रात येते. मी आणलेल्या चकत्या ‘सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या’ होत्या; त्यांचे भोक मोठे होते आणि बाहेरच्या बाजूला चाकासाठी उंचवटाच नव्हता. त्यामुळे चाक केवळ बोल्टांच्या भरवशावर लटकले होते. नवीन घेताना मी ५ × १०० ही बोल्टांची मांडणी (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), आतून ५७.१ चे भोक आणि बाहेरून तितकाच उंचवटा या तिन्ही गोष्टी व्हर्नियरने मोजून घेतल्या. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्याला इलाज नव्हता. बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढणेही तितकेच आवश्यक आहे, कारण एक खपली अडकली तरी चकती तिरकी बसते.

बोल्टांच्या बाबतीत काटकसर करू नये. स्पेसर जितका जाड, तितकाच बोल्ट मूळ बोल्टापेक्षा जास्त लांब हवा. एम १४ × १.५ च्या (१४ मिमी व्यासाच्या, १.५ मिमी अंतराने आटे असलेल्या) बोल्टाला व्यासाइतकी पकड मिळण्यासाठी तो किमान नऊ-दहा फेरे आत गेला पाहिजे, आणि हे फेरे पाना न लावता हाताने मोजता येतात. कंपनीच्या चाकांना गोल बुडाचे बोल्ट लागतात. बाजारात शंकूच्या आकाराचे सर्रास मिळतात, पण ते गोल खाचेत अरुंद कडेवरच टेकतात आणि सैल होतात. टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळून मी सुमारे ८० किमीनंतर पुन्हा तपासले, तेव्हा एक बोल्ट थोडा फिरला.

कायद्याची बाजूही लपवण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधला निकाल पाहता, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करणाऱ्या मालकाची बाजू लंगडी आहे. विमा कंपनीला मी स्प्रिंगा आणि स्पेसर दोन्हींची माहिती लेखी कळवली आहे.

जुने बोल्ट मी टाकून दिले नाहीत. रस्त्यात मागचे चाक पंक्चर झाले आणि टायरवाल्याने स्पेसर काढून स्टेपनी लावली, तर लांब बोल्ट १२ मिमी जास्त आत शिरतील आणि ड्रममधल्या ब्रेकच्या भागांवर घासतील. म्हणून मूळ पाच बोल्ट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवले आहेत, आणि पिशवीवर मार्करने लिहिले आहे: ‘स्पेसर काढल्यास हेच लावावेत.’