तुम्ही विचारलंत म्हणून : मॅनेजरला काढावे का?

परभणीत मी तेवीस वर्षे क्रीडाशिक्षक आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आमच्या शाळेचा किंवा जिल्ह्याचा नाही, तो इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांचा आहे. शनिवारी रात्रीचा सामना मोबाइलवर पाहून रविवारी सकाळी मैदानावर येणारी मुले, शाळा सोडून आता खताच्या किंवा औषधाच्या दुकानात काम करणारे माझे जुने विद्यार्थी, आणि एकदा तर बँकेच्या रांगेत भेटलेले एका मुलाचे वडील, सगळे तेच विचारतात : “सर, ह्या मॅनेजरला आता काढायलाच पाहिजे ना?” मॅनेजर म्हणजे तिकडच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. कोणाला काढायचे ते हंगामागणिक बदलते. कधी तो मँचेस्टर युनायटेडचा असतो, कधी आर्सेनलचा, कधी टॉटनहॅमचा, आणि भारत हरला की भारताचा. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते आणि त्याला माझी केवळ संमती हवी असते. ती मी सहसा देत नाही, म्हणून काही जण माझ्यावर रागावतातही. का देत नाही, आणि कोणत्या वेळी देतो, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की लोक सोयाबीन पेरतात, आणि मग कधी कधी पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहते. रान उघडे दिसू लागले की दुबार पेरणीचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. जाणता शेतकरी मात्र आधी तासातली माती बोटाने उकरून पाहतो. बी कुजले आहे, की मोड येऊन ओलीअभावी थांबले आहे, की मुळात बियाणेच बोगस होते, हे त्याला आधी कळायला हवे असते. वरून तिन्ही राने सारखीच दिसतात. पण मोड आलेला असेल तर एका पावसाने रान हिरवे होते आणि घाईने केलेल्या दुबार पेरणीचा खर्च वाया जातो. बियाणे बोगस असेल, तर त्याच पिशवीतले पुन्हा पेरून काहीही उगवत नाही. हरणाऱ्या संघाकडे मी याच नजरेने पाहतो. गुणतक्ता हे वरून दिसणारे रान आहे.

२०२१ च्या ऑगस्टमधले आर्सेनल आठवा. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आले होते; २०२० मध्ये त्यांनी एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, पण प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत संघ सलग दोन वेळा आठवा आला. तिसऱ्या हंगामाची सुरुवात ब्रेंटफर्डविरुद्ध २–०, चेल्सीविरुद्ध २–० आणि मँचेस्टर सिटीविरुद्ध ५–० अशा तीन पराभवांनी झाली आणि संघ तक्त्याच्या तळाला गेला. आमच्या मैदानावरच्या आर्सेनलच्या पोरांनी त्या आठवड्यात आर्टेटांना मनातल्या मनात निरोप देऊन टाकला होता. मी त्यांना एवढेच म्हणालो की हे तीन सामने कोणाशिवाय खेळले गेले ते आधी मोजा. पहिल्या सामन्यात ओबामेयांग आणि लाकाझेत हे दोन्ही मुख्य आघाडीवीर आजारी होते. सिटीविरुद्ध झाकाला पहिल्याच अर्ध्यात लाल कार्ड मिळाले. आणि त्या उन्हाळ्यात घेतलेल्या तरुण खेळाडूंना एकत्र खेळायला अजून महिनाही मिळाला नव्हता. तिथे मोड आलेला होता. त्या हंगामात संघ पाचवा आला आणि पुढचे तिन्ही हंगाम दुसरा.

हे उदाहरण मला आवडते, पण एवढ्यावरच थांबलो तर मी तुम्हाला अर्धे उत्तर दिले असे होईल, कारण लेस्टरच्या बाबतीत मी चुकलो होतो.

क्लॉडिओ रानिएरी यांच्या लेस्टर सिटीने २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा हंगामाआधी सट्टेबाजांनी त्यांना दिलेला भाव एकास पाच हजार होता. त्या विजयाने आमच्यासारख्या लहान गावांतल्या खेळणाऱ्यांना काय दिले ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तालुक्याच्या संघांना मी अजून त्याची गोष्ट सांगतो. पुढच्याच फेब्रुवारीत, विजेतेपदाला दहा महिनेही झाले नसताना, क्लबने त्यांना काढले. मला ते पाप वाटले, आणि तसे मी सगळ्यांना बोलूनही दाखवले. पण हंगामाअखेर तळाचे तीन संघ खालच्या विभागात घसरतात, आणि तेव्हा लेस्टर त्या तीन क्रमांकांपेक्षा केवळ एका गुणाने वर होते आणि २०१७ उजाडल्यापासून संघाने लीगमध्ये एकही गोल केलेला नव्हता. मधल्या फळीतला कांते चेल्सीला गेला होता हे खरे, पण बाकीचे बहुतेक तेच खेळाडू होते. त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाती संघ आला आणि लेस्टरने लीगचे सलग पाच सामने जिंकले, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत स्पेनच्या सेव्हियाला हरवले आणि हंगाम बाराव्या क्रमांकावर संपवला. लिव्हरपूलविरुद्धचा पहिला सामना मी पाहिला होता. तीच माणसे, त्याच जागी, पण चेंडू गमावल्यानंतरची पहिली पाच-सहा पावले वेगळी होती. ती पावले गेले काही महिने पडत नव्हती, हे मला प्रेमापोटी दिसले नव्हते. उपकार आणि काम या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि मी एकीतली जमा दुसरीत मांडत होतो.

तेव्हापासून मी निकालाआधी चेंडू गेल्यानंतरची ती पाच-सहा पावले पाहतो. मॅनेजरची योजना चुकीची असू शकते, खेळाडू कमी पडू शकतात, पंचांचा निर्णय विरोधात जाऊ शकतो. पण खेळाडू त्या माणसाचे अजून ऐकतात की नाही, हे चेंडू गेल्यावर कोण मागे धावतो यातून कळते. धावणे थांबले असेल, तर मग मी “काढा” म्हणतो, आणि तेव्हा माझा आवाज कचरत नाही.

मॅनेजर बदलला की संघ सुधारतो, असे सांगणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी तिथल्या सर्वोच्च लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील हंगामांचा अभ्यास केला. ज्या क्लबांनी मध्येच मॅनेजर काढला त्यांचे निकाल नंतर सुधारले हे खरे. पण तेवढ्याच वाईट घसरणीत सापडूनही ज्यांनी मॅनेजर ठेवला, त्यांचेही निकाल तसेच सुधारले. म्हणजे संघ आपल्या नेहमीच्या पातळीवर परत आला, आणि श्रेय नव्या माणसाने नेले. लेस्टरच्या उदाहरणाला हे लागू पडत नाही असे माझे मत आहे, पण शेक्सपिअर यांनाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काढण्यात आले, हे मी लपवणार नाही.

आता बोगस बियाण्याकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा होतो त्या संस्थेत, माझ्या आग्रहावरून एका तरुण प्रशिक्षकाला फुटबॉलसाठी नेमले होते. सुब्रतो मुखर्जी या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीत आमचा सतरा वर्षांखालील संघ लागोपाठ दोन वर्षे हरला आणि संस्थाचालकांनी त्याला महिन्याभरात दूर केले. त्या संघाकडे सरावासाठी चार चेंडू होते, त्यांपैकी दोन शिवलेले. मैदानाचा एक कोपरा लग्नसराईत मंडपाला दिला जाई. दहावीच्या मुलांना ऑगस्टपासून जादा तासांसाठी सरावातून उठवले जाई. यांतले काहीही त्या प्रशिक्षकाच्या हातात नव्हते आणि त्याच्या जागी आलेल्याच्या हातातही आले नाही. संघ तिसऱ्या वर्षीही त्याच फेरीत हरला. त्या बैठकीत मी त्याच्या बाजूने दोन वाक्ये बोललो आणि गप्प बसलो. आणखी बोलायला हवे होते.

मँचेस्टर युनायटेडविषयी विचारणाऱ्यांना म्हणूनच मी उलटा प्रश्न विचारतो : पिशवी कोणाची आहे? २०१३ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यानंतर मॉयेस, व्हान हाल, मुरिन्यो, सोल्शार, टेन हाग असे एकामागून एक गेले. व्हान हाल यांना एफए कप जिंकल्यानंतर दोन दिवसांत काढले. टेन हाग यांनी मे २०२४ मध्ये एफए कप जिंकला, क्लबने उन्हाळ्यात त्यांचा करार वाढवला, त्यांच्या पसंतीचे खेळाडू आणले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना घरी पाठवले. मग ऐन हंगामात रूबेन अमोरिम आले. त्यांच्या रचनेत मागे तीन बचावपटू लागतात. संघ मात्र चार बचावपटूंच्या रचनेसाठी जमवलेला होता. तो हंगाम पंधराव्या क्रमांकावर आणि ४२ गुणांवर संपला. जे संचालक जुलैमध्ये एका माणसावर विश्वास टाकतात, पैसे खर्च करतात आणि चार महिन्यांत त्यालाच दूर करतात, त्यांचा निर्णय दोन्हीपैकी एका वेळी तरी चुकलेला असलाच पाहिजे. तरीही रविवारी सकाळी मैदानावर त्या संचालकांचे नाव कोणी घेत नाही.

इथे कोणीतरी हमखास फर्ग्युसनचे उदाहरण देतो की पाहा, त्यांना वेळ दिला म्हणून सगळे मिळाले. ते १९८६ च्या नोव्हेंबरात आले, १९८९ च्या सप्टेंबरात मँचेस्टर सिटीकडून ५–१ असे हरले, तो हंगाम तेराव्या क्रमांकावर संपला आणि लीगचे पहिले विजेतेपद १९९३ मध्ये मिळाले, हे सर्व खरे आहे. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने केलेल्या गोलाने त्यांची नोकरी वाचली, असेही लोक सांगतात. पण तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर स्पष्ट केले आहे की त्यांना काढण्याचा विचारच नव्हता. संचालकांना क्लबच्या तरुण खेळाडूंच्या व्यवस्थेत चाललेले काम दिसत होते. नुसता वेळ दिला म्हणून काही झाले नाही. त्यांनी माती उकरून मोड पाहिला होता. हे उदाहरण ज्याच्या संघात मोडच नाही अशा मॅनेजरसाठी वापरले जाते, तेव्हा मला वाईट वाटते.

मला स्वतःला दूरच्या फर्ग्युसनपेक्षा जवळचे सय्यद अब्दुल रहीम अधिक आठवतात. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होती, आणि माझे आजोबा शिकायला हैदराबादला होते. सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाचे नाव घरात त्यांच्यामुळेच आले. पेशाने शिक्षक असलेल्या रहीमसाहेबांच्या हाताखाली त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतला मानाचा रोव्हर्स कप जिंकला. भारताचा संघ घेऊन ते १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेव्हा युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असे हरवले. आजच्या काळात त्या निकालानंतर कोणत्याही प्रशिक्षकाला पुन्हा बोलावले गेले असते असे मला वाटत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला संघ पुन्हा त्यांच्याच हाती होता आणि आपण चौथे आलो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून २–० असा हरलो. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक घेतले, आणि त्यातला एक गोल जर्नैल सिंग या मूळच्या बचावपटूने केला, ज्याला रहीमसाहेबांनी आघाडीवर खेळवले होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये कर्करोगाने ते गेले.

भारताच्या आजच्या संघाबद्दल विचाराल, तर ते रान माझ्यासाठी अगदी स्पष्ट आहे. इगोर स्टिमाच यांना जून २०२४ मध्ये काढले. मानोलो मार्केझ आले, आठ सामन्यांत एक विजय मिळवून गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले, आणि तरीही २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली. ज्या देशाची सर्वोच्च लीग २०२५ मध्ये करारांच्या वादात वेळेवर सुरूच झाली नाही, तिथे चौथा प्रशिक्षक आणून काय उगवणार? जमील यांना ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

राहिला “मग कधी काढावे?” हा प्रश्न. धावणे थांबले असेल आणि संघातले खेळाडू तक्त्यातल्या जागेपेक्षा खरोखर बरे असतील, तर काढावे, पण पुढचा माणूस आधी ठरवून. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्ड यांना नवव्या क्रमांकावर असताना काढले, लगेच टुखेल यांना आणले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. खेळाडू मुळात त्या ताकदीचे होते आणि नवा माणूस तयार होता. ज्याची रचना पूर्ण वेगळी आहे, त्याला मात्र हंगाम संपल्यावर आणावे, म्हणजे त्याला सरावाचे सहा आठवडे मिळतात. खालच्या विभागात घसरण्याची भीती दारात उभी असेल, तर एवढे थांबता येत नाही, हे मलाही मान्य आहे. घसरल्यावर क्लबचे प्रक्षेपणाचे पैसे जातात, चांगले खेळाडू जातात, आणि कार्यालयात, धोबीखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या नोकऱ्याही जातात. त्या क्लबांच्या समर्थकांनी मार्चमध्ये “काढा” म्हटले, तर मी त्यांच्याशी वाद घालत नाही.