सात मुली, एक मैदान आणि आमचा फूटी क्लब

फेब्रुवारी 2023च्या अखेरीस बारा वर्षांखालील मुलींच्या संघासाठी ऑस्ट्रेलियातील आमच्या फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) क्लबकडे फक्त सात नावे नोंदली गेली होती, आणि लीगला संघांची यादी कळवण्यासाठी हातात जेमतेम तीन आठवडे उरले होते. मैदानावर उतरण्यापुरत्या मुली असल्या तरी संघ उभा राहत नाही. आजारपण, वाढदिवस, परगावी गेलेली कुटुंबे हे सगळे धरले, तर माझ्या अंदाजाने निदान वीस मुली हव्या होत्या. आधीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खेळाडूंच्या नोंदणीची जबाबदारी मी स्वतः मागून घेतली होती. त्या सात मुलींमध्ये माझी मुलगीही होती, त्यामुळे हा आकडा मला केवळ हिशेबाचा वाटत नव्हता.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, विंडम नगरपालिकेच्या हद्दीतील टार्नीटमध्ये राहतो. 2011च्या जनगणनेत विंडमची लोकसंख्या सुमारे 1 लाख 61 हजार होती. 2021मध्ये ती 2 लाख 92 हजारांवर गेली. जून 2015मध्ये टार्नीटला रेल्वे स्थानक सुरू झाले आणि त्यानंतर गवताळ माळावर घरांच्या रांगा उठत गेल्या. परदेशात जन्मलेल्या येथील रहिवाशांमध्ये भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. इतकी मुले असलेल्या उपनगरात मुलांच्या खेळाचा क्लब आपोआप भरेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात क्रिकेटचे संघ भरत होते आणि आमच्याकडे मात्र नव्या वर्गातले संघ जुळता जुळत नव्हते. फूटी हा खेळ बहुतेक नव्या पालकांनी कधी पाहिलेलाही नव्हता, आणि जो खेळ आपल्याला कळत नाही त्यात आपले मूल पाठवायला कोणीही सहजासहजी तयार होत नाही.

मीही त्यांच्यातलीच होते. शाळेत असताना मी सांगली जिल्ह्यातल्या एका क्रीडा मंडळातून खो-खो खेळत असे, त्यामुळे मैदानाची ओढ होती. पण 2019मध्ये सात वर्षांच्या मुलीला ऑस्किकमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या प्राथमिक फूटी शिबिरात, घातले तेव्हा लंबगोल चेंडू हातातून सोडून त्याला लाथ का मारायची, एवढेदेखील मला समजत नव्हते. पुढच्या वर्षी महामारीमुळे मेलबर्नमधील स्थानिक हंगाम रद्द झाला, 2021चा हंगाम मध्येच थांबला, आणि 2022मध्ये आम्ही मैदानावर परतलो त्याच रविवारी संघाच्या व्यवस्थापक बाईंनी माझ्या हातात एक पांढरा कोट आणि दोन झेंडे ठेवले. गोल पंच आला नव्हता.

त्या सकाळबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आमचा क्लब पुढे कसा वाढला याचे मूळ माझ्या मते त्याच कोटात आहे. फूटीत मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात, मधले दोन उंच आणि बाजूचे दोन आखूड. आक्रमक संघाच्या खेळाडूने पायाने मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता मधल्या खांबांमधून गेला, तर गोल होतो आणि 6 गुण मिळतात. तो बाजूच्या खांबाच्या आतून गेला, मधल्या खांबाला घासून गेला किंवा वाटेत कोणाचा हात लागला, तर ‘बिहाइंड’ म्हणजे 1 गुण. गोल पंचाने चेंडूच्या रेषेत धावत येऊन उभे राहायचे, मुख्य पंचाने ‘ऑल क्लिअर’ म्हटल्यावर हाताने खूण करायची, मग गोल असेल तर दोन्ही झेंडे आणि बिहाइंड असेल तर एकच झेंडा फडकवायचा, आणि लगेच गुणपत्रिकेवर नोंद करायची. पलीकडच्या टोकाचा पंच आपला झेंडा पाहून उत्तर देतो आणि दोघांच्या पत्रिका शेवटी जुळाव्या लागतात. सामन्याच्या चार पाव डावांपैकी पहिल्यात माझे हात थरथरत होते. तिसऱ्या पाव डावापर्यंत मला खेळ दिसू लागला. कोणी कोणाला मोकळी जागा करून देते, पंधरा मीटरहून लांबचा फटका झेलला की ‘मार्क’, म्हणजे अडथळ्याविना चेंडू मारण्याचा हक्क, का मिळतो, मुठीने चेंडू ढकलण्याला महत्त्व का आहे, हे तीन वर्षे कडेच्या खुर्चीवर बसून जे कळले नव्हते ते एका सकाळी कळले.

म्हणून 2023च्या त्या तीन आठवड्यांत मी पत्रके वाटण्यावर वेळ घालवला नाही. मुलीच्या प्राथमिक शाळेने परवानगी दिल्यावर आम्ही दोन दुपारी ‘या आणि खेळून पाहा’ असे सत्र ठेवले आणि मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही चेंडू हातात दिला. आमच्या आधीच्या मुली 2017मध्ये सुरू झालेली महिलांची व्यावसायिक लीग पाहत मोठ्या झाल्या होत्या, आणि 2018चे विजेतेपद आमच्याच भागाचा संघ मानल्या जाणाऱ्या वेस्टर्न बुलडॉग्जने मिळवलेले होते. त्यामुळे मुलींना समजवावे लागले नाही. प्रश्न पालकांचे होते आणि ते रास्त होते.

सोलापूरहून आलेल्या एका आईने मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, मुलींनी एकमेकींना धरून असं खाली पाडायचं, हे बरं दिसतं का? आणि लागलं म्हणजे?” मी तिला आपल्या कबड्डीची आठवण दिली आणि येथील नियम सांगितला, की पकड खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वरच घ्यावी लागते, आणि पाठीत ढकलले तर विरुद्ध संघाला फ्री किक मिळते. ती हसली, पण तिचे समाधान झाले नाही, आणि मीही घाई केली नाही. दुसऱ्या दोन घरांतून शॉर्ट्सचा प्रश्न आला. आमच्या प्रशिक्षकांनी लीगला लेखी विचारून शॉर्ट्सखाली लांब लेगिंग घालण्याची परवानगी घेतली आणि ते पत्र मी पालकांना दाखवले. तोंडी आश्वासनापेक्षा त्या एका कागदाने जास्त काम केले.

नोंदणीचे काम मात्र कंटाळवाणे आणि चिवट होते. सगळी नोंदणी प्लेएचक्यू या संगणकीय व्यवस्थेतून होते आणि तिथे नाव व आडनाव असे दोन वेगळे रकाने भरावे लागतात. आपल्याकडच्या पासपोर्टांवर कोणाचे आडनावच नसते, तर कोणाच्या नावात वडिलांचे नाव मिसळलेले असते. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि आईने घाईत भरलेले तिसरे, अशी एकाच मुलीची दोन-दोन खाती तयार झाली. ती एकत्र करून घेण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. फी दोनशे डॉलरच्या आसपास होती. सवलत कार्ड असलेल्या कुटुंबांना राज्य सरकारच्या व्हाउचर योजनेतून 200 डॉलरपर्यंत मदत मिळू शकत असे, परंतु अर्ज मंजूर होईपर्यंत पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न उरत होता. मी कार्यकारिणीपुढे हप्त्यांचा प्रस्ताव मांडला. खजिनदारांनी आधी विरोध केला आणि मग स्वतःच हप्त्यांचे वेळापत्रक करून दिले. मुदतीच्या दोन दिवस आधी यादीत बावीस नावे होती.

संघ लीगकडे गेला आणि लगेच माणसांची टंचाई जाणवली. प्रशिक्षक, व्यवस्थापक, प्रथमोपचार करणारा, सीमारेषेवरचा पंच, वेळ मोजणारा, पाणी नेणारा, उपाहारगृहात उभे राहणारे, ही सगळी कामे पालकच करतात. मुलांबरोबर काम करायचे तर व्हिक्टोरिया राज्यात ‘वर्किंग विथ चिल्ड्रेन’ तपासणी, म्हणजे आपल्या नावावर काही गुन्हा नाही ना याची सरकारी पडताळणी, करून घ्यावी लागते. ती स्वयंसेवकांना मोफत असते आणि पाच वर्षे चालते. कित्येक पालक ‘तपासणी’ या शब्दानेच बिचकले, व्हिसावर काही परिणाम होईल का असे विचारू लागले. मग एका शनिवारी मी पाच जणांचे अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर भरून घेतले आणि कागदपत्रे दाखवायला आम्ही सगळे मिळून ऑस्ट्रेलिया पोस्टच्या कार्यालयात गेलो. ज्यांना काम मिळाले, ते पुढच्या वर्षी परत आले. ज्यांच्याकडून आम्ही फक्त फी घेतली, त्यांच्यातले बरेच जण आले नाहीत. हे मी तीन हंगामांच्या याद्या समोर ठेवून सांगते आहे.

मैदानाची अडचण जुनी आणि मुळातली आहे. 1858मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्त होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे पत्र मेलबर्नच्या एका वृत्तपत्रात लिहिले, आणि पुढच्या वर्षी या खेळाचे पहिले लेखी नियम तयार झाले. तेव्हापासून दोन्ही खेळ एकाच मैदानावर वाटून राहतात. मार्चपर्यंत मैदान क्रिकेटचे, त्यामुळे आमचा पूर्वतयारीचा सराव शाळेच्या छोट्या पटांगणावर होतो. जूनमध्ये सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो. क्लबच्या सरावासाठी निदान 50 लक्स प्रकाश लागतो आणि आमच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात तो कधीच पोचत नसे. कपडे बदलण्याच्या खोल्या पुरुषांचा विचार करून बांधलेल्या होत्या, न्हाणीघरांना आडोसा नव्हता, आणि पहिल्या हंगामात आमच्या मुली घरूनच पोशाख घालून येत. याविषयी नगरपालिकेला लिहिलेल्या पत्रांमध्ये मी मुलींच्या नोंदणीचे आकडे दर वेळी जोडत गेले. दिवे आधी सुधारले, आडोसे नंतर बसले.

पहिल्या हंगामात मुली बहुतेक सामने हरल्या. 2024मध्ये स्थानिक फूटीसाठीचा डोक्याच्या आघाताबाबतचा नियम अधिक कडक झाला, आणि आघातानंतर 21व्या दिवसाआधी सामना खेळता येणार नाही असे ठरले. त्या वर्षी आमची सर्वांत वेगवान मुलगी पडली आणि तीन आठवडे बाहेर बसली. त्यातला एक सामना आम्हाला जिंकावाच लागणार होता, तरीही प्रशिक्षकांनी तिला उतरवण्याचा विचारसुद्धा केला नाही. कुंपणापाशी उभ्या असलेल्या पालकांनी ते पाहिले. ‘लागलं म्हणजे?’ असे विचारणारी सोलापूरची ती आई त्याच महिन्यात गोल पंचाचा कोट मागायला माझ्याकडे आली.

2025च्या हंगामात आमचे बारा वर्षांखालील मुलींचे दोन संघ झाले आणि चौदा वर्षांखालील एक; माझी मुलगी आता त्यात खेळते. शेजारच्या नव्या वसाहतीत दुसरे मैदान तयार होत आहे, त्यात गवत पेरले आहे आणि ते घट्ट रुजेपर्यंत भोवती जाळी आहे. तोपर्यंत मंगळवारी संध्याकाळी आम्ही नारिंगी शंकू मांडून एकाच मैदानाचे तीन भाग करतो, आणि लहान गटाचा चेंडू दुसऱ्या भागात गेला की मोठ्या मुली तो मुठीने परत देतात.