गाविलगडाच्या घाटात गोब्लिन

डंजन्स अँड ड्रॅगन्स मी पुण्यात हॉस्टेलवर खेळलो होतो, पण खेळाडू म्हणून. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, होऊन पहिली मोहीम चालवली ती परतवाड्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या स्लॅबवर, कापूस वेचून झाल्यावर. खेळायला चुलतभाऊ, नर्सिंग शिकणारी मामेबहीण आणि रसवंती चालवणारा दोस्त. बघायला काका. बघायला म्हणजे मधेमधे बोलायला.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो बाजारात आणला. पट नसला तरी चालतो. एक जण समोर काय आहे ते सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा त्यात मिळवायचा. सोप्या कामाला 10 लागतात, मध्यमला 15, अवघडला 20. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम फुकट मिळतात. मी ते सगळे वाचले, पण त्या रात्री कामाला आले हे तीन आकडेच.

वीस बाजूंचा फासा परतवाड्यात कुठे मिळणार? मोबाईलवर ॲप आहेत, पण स्क्रीनवर 2 आला की आमच्याकडे लगेच "तुह्या फोनात गडबड आहे" सुरू होतं. शेवटी हौजीच्या डब्यातल्या 1 ते 20 च्या गोट्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. एक काढायची, आकडा सर्वांना दाखवायचा, परत टाकून डबा हलवायचा. परत टाकणं महत्त्वाचं, नाहीतर गेलेला आकडा पुन्हा येणारच नाही. हे मामेबहिणीनं मी सांगायच्या आधीच ओळखलं. आठ बाजूंच्या फाशाला 1 ते 8 च्याच गोट्या, वेगळ्या वाटीत.

तयार मोहिमा विकत मिळतात. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या स्टार्टर सेटमधली सुरुवात मला आवडते: सामानाची गाडी घेऊन निघायचं, रस्त्यात मेलेले घोडे दिसतात, झाडीत गोब्लिन, म्हणजे इंग्रजी परीकथांतले दुष्ट जीव, दबा धरून. मी तेवढाच सांगाडा घेतला आणि गाडी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लावली. वर गाविलगड. काळ 1803 नंतरचा, म्हणजे इंग्रजांनी गड घेतल्यावरचा. तिथली तळी, पडके बुरूज, दरवाज्यावरचा गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, सगळ्यांनी सहलीत पाहिलेला, त्यामुळे नकाशा काढायची गरजच पडली नाही. गोब्लिन मात्र गोब्लिनच ठेवले, बुटके, पिवळ्या डोळ्यांचे. मेळघाटातली लुटारू टोळी म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिथली कोरकू आदिवासी माणसं आली असती, आणि ते मला नको होतं.

मी लढाईची तयारी करून बसलो होतो. चार गोब्लिन, प्रत्येकाचा जीव 7, वार लागायला 15. घोडे मेलेत असं सांगितलं आणि विचारलं, "आता काय करता?"

चुलतभाऊ म्हणाला, "घोडे कोनाचे होय ते पाह्यतो."

पात्र त्याचं योद्ध्याचं, तलवार कमरेला, आणि हा मेल्या घोड्याच्या खोगिरावर मालकाची खूण शोधत होता. काका मागून म्हणाले, "बरोबर आहे. उद्या आपल्यावर आलं तं?"

मग दोस्त ओरडला, "ए भाऊ, झाडीतले! काय पायजे तुमाले?" मी काय बोलणार? नियमात याला मज्जाव नाही. गोब्लिनला वाचा असते. मी आवाज बारीक करून गाडीतला अर्धा माल मागितला. त्यानंतरची घासाघीस गुरांच्या बाजारात शोभली असती. दोन पोती ज्वारीवर सौदा येत होता, गोब्लिनांचं मन वळवायला दोस्ताला 15 लागत होते, गोटी आली 4 ची.

लढाई झाली. योद्धा पहिल्याच बाणात अर्धा झाला. मामेबहिणीच्या मांत्रिकानं झोपेचा मंत्र टाकला, आठच्या वाटीतल्या पाच गोट्यांची बेरीज 23 आली, तेवढा जीव झोपतो, म्हणजे सातसातचे तीन गोब्लिन आडवे. चौथा पळाला. झोपलेल्यांना मारायचं का, यावर लढाईपेक्षा जास्त वेळ गेला. तिनं त्यांना चाकाला बांधायला लावलं आणि योद्ध्याच्या जखमेला पट्टी कशी बांधते ते इतकं नीट सांगितलं की मी गोटी काढायला न लावता थोडा जीव परत दिला. नियमात तसं नाही. पहिल्यांदा चालवणाऱ्याला मी हेच सांगेन: माणूस आपल्या माहितीतलं इतकं मन लावून सांगत असेल तर डबा बाजूला ठेव.

त्या रात्री कोणी गडापर्यंत पोचलंच नाही. मी रचलेलं तळ्याखालचं भुयार तसंच राहिलं. चुलतभावाला अजून घोड्यांचा मालक सापडायचा आहे, म्हणून पुढची मोहीम उलटी, घाट उतरून अचलपूरच्या बाजारात. मालक कोण ते मीही अजून ठरवलेलं नाही. काकांना विचारलं तर ते म्हणतात, "मले पात्र दे, मंग सांगतो."